अंगावर ठेवलेले शब्द

फंडस म्हणजे गर्भाशयाचा माथा.

श्रावणातल्या एका उधाणाने देवबागचे नऊ माड नेले. दहावा मुळं उघडी टाकून उभा राहिला.

लोखंडाला विस्तव दाखवला की त्याचं पाणी उतरतं, असं लोहार सांगतो.

"उलय गो, उलय! दातांत काय धरलंस?"

कुजलेल्या सोडणांचा वास हाताला तीन दिवस राहतो.

इस्पितळाची नियमावली, कलम चौथं: नखं कापलेली असावीत.

गाभण शेळी पोटाला हात लावू देते, पण ओळखीच्याच माणसाला.

*

शेवंती पहिल्यांदा नापास झाली ती १९५८ च्या आषाढात. मालवणच्या इस्पितळात दीड वर्ष राहून ती मिडवाइफचं काम शिकली होती. सुभद्रा सिस्टरच्या नजरेखाली तिने बत्तीस बाळंतपणं केली, त्यातली दोन पायाळू. तोंडी परीक्षेला मात्र टेबलामागे तीन माणसं बसली. उत्तर मराठीत चालेल, शब्द पुस्तकातलेच हवेत, असं त्यांनी सांगितलं, आणि पुस्तक इंग्रजी होतं. पहिला प्रश्न आला तेव्हा शेवंतीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. दुसऱ्या प्रश्नालाही ती हातांकडेच बघत राहिली. तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

"हात पास, तोंड नापास," सुभद्रा सिस्टर बाहेर व्हरांड्यात म्हणाली. "कार्तिकात पुन्हा बसता येईल. त्यानंतर नाही."

देवबागला बाळंतपणाचं केंद्र उघडायचं ठरलं होतं. दोन खोल्या, एक लोखंडी खाट, एक पगारी मिडवाइफ. बाई गावातली आणि पास झालेली हवी, एवढीच अट. तशी मिळाली नाही तर केंद्र खाडीपलीकडच्या गावाला जाणार होतं. मग देवबागच्या बाईला कळा सुरू झाल्या आणि मूल अडलं, तर पावसाळ्यात होडी घालायची नाहीतर वाळूतून डोलीने मालवण गाठायचं. ते आजवर चाललंच होतं. काही बायका मालवणला पोचल्या होत्या.

शेवंती ट्रंक घेऊन घरी आली. ट्रंकेत एक वही होती. वहीत सुभद्रा सिस्टरने चाळीस इंग्रजी शब्द बाळबोध अक्षरांत लिहून दिले होते.

*

विहिरीवर बायकांनी घागरी बाजूला घेतल्या.

"वाट सोडा गो, मड्डम इली."

"नापास मड्डम."

शेवंतीने घागर भरली. सासूने, काशीबाईने, तेवढ्यात मागून येऊन आपली घागर कठड्यावर आपटली.

"तुमी कोण पास झालास काय गो? नापास होवक पण परीक्षेक बसाचा लागता."

घराकडे येताना तीच काशीबाई सुनेला म्हणाली, "दीड वरस खंय घालवलंस? चाळीस शब्द ते! माका तर दीड वरसात चाळीस पोरां झाली आसती."

काशीबाई वाडीची सुईण. चाळीस वर्षं. पडवीच्या आढ्याला तिची नाळ कापायची कोयती खोचलेली असे, वीतभर लांब, नारळाच्या शिपतरासारखी वाकडी. कोणाच्या घरी मूल झालं की पाचव्या दिवशी ती पाटावर मांडून पुजायची. तिला विस्तव दाखवायचा नाही, गरम पाणी लावायचं नाही. पाणी उतरतं.

*

माड गेल्यामुळे त्या वर्षी नारळ कमी होते, पण खाडीत कुजत घातलेली मागच्या वर्षीच्या नारळांची सोडणं शिल्लक होती. सासू-सून रोज सकाळी ओहोटीला चिखलात उतरून ती उपसून काढत. मग दिवसभर पाटीच्या दगडावर दांडक्याने बडवायचं, काथ्या मोकळा करायचा, झाडून वाळत घालायचा. दुपारपर्यंत खांदे बधिर होत. हातांच्या चिरांत खारं पाणी शिरे.

शेवंतीचा नवरा लवू रापणीचं जाळं ओढून परत आला की जेवून ओसरीवर पडे आणि वही वाचे. तिसरीपर्यंत शिकलेला. बोट ठेवून वाचायचा.

"पार्-ट्यु-रि-शन. ह्या तर गोयच्या पाद्रीचा नाव दिसता."

"बाळंत होणा," शेवंती बडवता बडवता म्हणाली.

"मग बाळंत होणाच म्हणा. पाद्रीक कित्याक बोलावतास?"

"फुडे वाच," काशीबाई म्हणाली.

"फंडस."

शेवंतीचं दांडकं थांबलं. ओठ हलले. काही आलं नाही. सकाळी चिखलात उभी असताना तिला हाच शब्द तीनदा आठवला होता.

"उलय गो, उलय! दातांत काय धरलंस?"

"तोंडात येता आये, भायर पडणा नाय."

"इंग्रजीत पोर उलट्या पायान येता काय गो? आपल्याकडे येता तसाच येता मां? मग?"

शेवंतीला रडू आलं. ते दिसू नये म्हणून ती उठून मागच्या दारी शेळीला पाणी ठेवायला गेली. शेळी गाभण होती. सवयीने शेवंतीचा तळहात तिच्या पोटाखाली गेला. मग वर सरकला. काशीबाई दारात येऊन उभी होती.

"काय बगतंस?"

"किती दिवस रवलेत ता. फंडस खंय आसा ता."

ती बोलून गेली आणि दोघीही थांबल्या.

काशीबाईने दोन्ही हातांचा काथ्या झटकला. "परत हात ठेव," ती म्हणाली. "काढ. आता सांग. येणा नाय? ठेव. सांग."

असं तिने दहाबारा वेळा करून घेतलं. शेळी कंटाळून बसली.

"तुका शब्द येतत," काशीबाई म्हणाली. "ते तुझ्या तोंडात रवणत नाय. हातात रवतत. माझ्या पण गजाली थयसरच रवतत. लवू, ती वही घेवन ये."

*

त्या दिवसापासून रोज दुपारी वहीतले दोन शब्द अंगावर ठेवायचे. काशीबाईचाच शब्द तो, ठेवायचे. पेल्विस कमरेवर. अंबिलिकल कॉर्ड बेंबीवर. कॉन्ट्रॅक्शन पोटावर तळहात आडवा ठेवून, घट्ट होतं तिथे. शेळी पुरेना तेव्हा काशीबाई स्वतः चटईवर आडवी पडे. तिचं पोट रिकाम्या पिशवीसारखं, पण ती कळा येत असल्यासारखी हुंकार देई आणि मध्येच म्हणे, "आनि हयसर? ह्येका काय म्हणतत?"

शेजारची तुळसा सातव्या महिन्यात होती. तिने हे कुंपणावरून पाहिलं आणि एका दुपारी आपणहून येऊन चटईवर बसली.

"काकी, तुमच्या पोटात काय नाय. माझ्या पोटार शिका. फुकट आसा."

तुळसाच्या पोटावर शेवंतीचे हात धीट झाले. डोकं कुठे, पाठ कुठे. प्रेझेंटेशन. एंगेजमेंट. पण मूल बाहेर येताना जे वळत येतं, त्याचे चार शब्द एका रांगेत तिला येत नव्हते. डिसेंट, फ्लेक्शन, रोटेशन, एक्स्टेन्शन. कधी तिसरा आधी यायचा, कधी चौथा गळायचा.

काशीबाई ऐकत होती. "ह्या काय सांगता ता माका सांग. साध्या भाषेत."

शेवंतीने सांगितलं. मूल खाली उतरतं. हनुवटी छातीला लावतं. वळतं. मग मान वर करून बाहेर येतं.

"म्हणजे खाडयेच्या मुखातून होडी भायर काढतत तशी," काशीबाई म्हणाली. "आधी वाळूच्या दांड्यापर्यंत उतरायची. मगे डोलकाठी खाली. दांडो चुकवन वळवायची. भायर पडली काय काठी वर. लवूक इचार, ह्या चार कामात एकाच्या जागेर दुसरा केला तर काय होता."

"फुटता," लवू ओसरीवरून म्हणाला.

त्यानंतर तो क्रम शेवंतीचा कधी चुकला नाही.

*

एकोणचाळीस शब्द अंगावर बसले. एक उरला.

"असेप्सिस," लवूने वाचलं.

"ह्या खंय ठेवायचा?" काशीबाईने विचारलं. त्या दिवशी दोघी सोडणं बडवत होत्या. ऊन कडक होतं, काथ्याची धूळ नाकात जात होती.

"ह्या बाळंतिणीच्या अंगार नाय, आये. आपल्या हातार."

"म्हणजे?"

शेवंतीने सांगायला सुरुवात केली ती पुस्तकातून पाठ केलेलं. डोळ्यांना न दिसणारे जंतू. हातावर, सुतावर, लोखंडावर. उकळल्यावर मरणारे. त्यातला एकही न उरणं म्हणजे असेप्सिस. बोलता बोलता तिचं लक्ष आढ्याच्या कोयतीकडे गेलं आणि ती अडखळली, पण काशीबाई तिच्याकडेच बघत होती.

"लोखंडार?"

"होय."

"आनि राखेत?"

नाळ कापली की तिच्यावर चुलीतली राख दाबायची, ही काशीबाईची रीत. तिच्या आईचीही.

"राखेत पण. शेणी जाळल्लेल्या चुलीतली आसता ती. जमनीर पडल्लेली."

काशीबाईने समोरचं सोडण उचललं, दगडावर ठेवलं आणि बडवायला लागली. ते मोकळं झालं तरी ती थांबली नाही. धागे तुटले, भुसा झाला, भुसा उडून गेला, आणि दांडकं नुसत्या दगडावर आपटत राहिलं. लवू उठून बसला.

"सातव्या-आठव्या दिवसाक पोरां ताठ होतत," काशीबाई म्हणाली. "दात नसले तरी दातखिळी बसता. दूध ओढणत नाय. ता?"

"ता."

"आमी म्हणू बाधा झाली. नारळ ओवाळू. सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा नाय आये. काय पोरां दुसऱ्या कारणान पण जातत."

"पण सगळीच दुसऱ्या कारणान नाय."

शेवंतीने आपलं दांडकं खाली ठेवलं.

काशीबाईने दांडकं भिंतीला टेकून ठेवलं, हात धुतले आणि कुंपण ओलांडून तुळसाकडे गेली. तुळसा दारात तांदूळ निवडत होती. शेवंतीला इकडून सगळं ऐकू येत होतं. खरं तर ऐकू नये म्हणून तिने बडवायला हवं होतं, पण तिचे हात उठले नाहीत.

"तुळसा, तुझो पयलो झील माझ्या हातान गेलो."

तुळसाचं सूप थांबलं.

"कोयतीन गेलो. राखेन. माका आज कळला. तुका सांगूक इलंय. आता तुका होया तर तू माका दारात घेव नको. बाळंतपण शेवंती करीत, मी येवचंय नाय."

कोंबड्या सुपाजवळ आल्या, त्यांना कोणी हाकललं नाही.

"काकी," तुळसा शेवटी म्हणाली, "माका म्हायत नव्हता. तुमकाय नव्हता. तो जाताना तुमी तीन दिवस माझ्या उशाक बसल्लास. ता माका म्हायत आसा." तिने कोंबड्या हाकलल्या. "माका वायच उठवा. कंबर धरली. पेज उरली आसा ती जेवा आनि जावा."

काशीबाई पेज जेवूनच परत आली. आल्याबरोबर तिने आढ्याची कोयती काढली, मडक्यात पाणी घेतलं, कोयती त्यात टाकली आणि खाली जाळ घातला. पाणी खळखळेपर्यंत ती समोर उकिडवी बसून राहिली.

"पाणी उतरात तिचा," लवू म्हणाला.

"उतरांदे."

*

कार्तिकात परीक्षेच्या दिवशी तिघं पहाटेच्या भरतीला होडीने निघाले. काशीबाईने येऊ नये असं शेवंतीने दोनदा सुचवलं. "तुझ्यासाटी येतंय कोण सांगता," काशीबाई म्हणाली, "माका मालवणात तपकीर घेवची आसा."

इस्पितळाच्या व्हरांड्यात पायतणं काढायची होती. काशीबाईने कधी घातलीच नव्हती. ती दाराजवळ भिंतीला टेकून बसली.

आत मुंबईहून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, सोबत आणखी दोघं. टेबल रुंद होतं. त्यांच्या पाठीमागे भिंतीला लागून तपासणीचं लाकडी बाक.

"मेकॅनिझम ऑफ लेबर सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेवंतीने हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. होडी, दांडा, डोलकाठी, सगळं तिला दिसत होतं. तोंड मात्र कोरडं होतं. टेबलावरच्या पेनाचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

"बाई," ती म्हणाली, "माणूस हवं."

"काय?"

"हात ठेवायला माणूस हवं. मला अंगावर सांगता येतं. तसं येत नाही."

सोबतचे एक गृहस्थ हसले. "परीक्षेला माणसं पुरवत नाहीत, बाई."

दार करकरलं. काशीबाई आत आली होती. तिने टेबलाला वळसा घातला, बाकावर चढली, लुगडं सारखं केलं आणि उताणी पडली.

"चालू कर गो," ती छताकडे बघत म्हणाली.

"या कोण?"

"सासू," शेवंती म्हणाली.

"यांना काही त्रास होतोय का?"

"माका नववो म्हयनो आसा," काशीबाई म्हणाली. "कळा सुरू झाल्यात. तुमी लवकर काय ता इचारा."

ते गृहस्थ पुन्हा हसले, पण या वेळी डॉक्टरीणबाईही हसल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या हात धुवायच्या कुंडीकडे बोट केलं. "आधी हात."

शेवंतीने कोपरापर्यंत साबण लावला, नखं घासली, धार सोडली. ती वळली, बाकाजवळ आली आणि ओले हात आपोआप पदराकडे गेले. वीस वर्षांची सवय. पदर बोटांना लागणार तोच काशीबाईने उठून तो मुठीत धरला आणि ओढला.

"खबरदार!"

ते गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पेशंट आहात. पेशंटने मध्ये बोलायचं नाही."

"बाय, मी पेशंट म्हणानच बोलतंय. मराचा माका आसा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पदर का नको?"

"पदरार सगळा जग आसता. मासळी, शेण, चूल, पोराचा नाक. ता सगळा हातार येता, हातावरना माझ्या अंगात जाता. आमी चाळीस वरसां तसाच केला. आता करणव नाय. असेप्सिस म्हणतत."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

काशीबाईने हनुवटीने सुनेकडे दाखवलं आणि पुन्हा उताणी पडली.

"चूक माझी, बाई," शेवंती म्हणाली. तिने पुन्हा कोपरापर्यंत साबण लावला, आणि या वेळी हात वर धरून पाणी निथळू दिलं. मग तिने दोन्ही तळहात सासूच्या पोटावर ठेवले. फंडस, ती म्हणाली. पुढचं मग आपलं आपण येत गेलं. मूल उतरलं, मान झुकवली, वळलं, मान वर केली. काशीबाई योग्य जागी कण्हत होती. प्लासेंटा सुटल्याची चिन्हं विचारली तेव्हा शेवंतीने तीनही सांगितली: कॉर्ड लांबते, रक्ताचा लोट येतो, फंडस वर चढून चेंडूसारखा कडक होतो. चौथ्या प्रश्नापर्यंत ती विसरली होती की ती इंग्रजी शब्द बोलते आहे.

"पदराचं मला लिहावं लागेल," शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लिहा," शेवंती म्हणाली.

चार वाजता यादी लागली. सुभद्रा सिस्टरने बोट ठेवून नाव दाखवलं आणि खाली तिरक्या अक्षरांत लिहिलेला शेरा मराठीत करून सांगितला: उमेदवाराच्या हातून एक चूक होत होती. उमेदवाराने जिला शिकवलं आहे, तिने ती होऊ दिली नाही. उत्तीर्ण.

काशीबाईला तो शेरा दोनदा ऐकवावा लागला. मग ती तपकीर घ्यायला गेली. खरंच घेतली.

*

तुळसा मार्गशीर्षात बाळंत झाली, दुपारी, केंद्राच्या लोखंडी खाटेवर. खिडकीतून मासे वाळवायच्या खळ्याचा वास येत होता. शेवंती हात धूत असताना काशीबाई तांब्या घेऊन तिच्या हातांवर पाणी ओतत उभी होती. सासूने सुनेच्या हातावर पाणी घालायचं, हे वाडीत कोणी पाहिलेलं नव्हतं. दारातल्या बायकांनी ते पाहिलं.

"पुरे आये."

"गप रव. आनिक एक तांब्यो."

मुलगी झाली. नाळ उकळलेल्या कात्रीने कापली, उकळलेल्या सुताने बांधली, वर काही लावलं नाही. काशीबाईचा हात एकदा चुलीच्या दिशेने गेला आणि तिनेच तो दुसऱ्या हाताने धरला.

सातव्या दिवशी सकाळी काशीबाई तुळसाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मूल दूध ओढत होतं. ती दिवसभर बसली. आठव्या दिवशीही. तुळसाने तिला हाताला धरून आत घेतलं, मुलगी तिच्या मांडीवर दिली. मुलीने काशीबाईचं बोट तोंडात धरून ओढलं, जोरात.

"जबडो बरो आसा गो हिचो," काशीबाई म्हणाली. घरी आल्यावर तिने शेवंतीसमोर बांगड्याच्या कालवणाचं ताट ठेवलं. त्यात माशाचा मधला तुकडा होता, जो या घरात नेहमी लवूला मिळे.

"ह्या कित्याक, आये?"

"जेव," काशीबाई म्हणाली. "तुझे लय उपकार झाले गो. आता त्येचो अर्थ इचारू नको, जेव."

लवूने शेपटीकडचा तुकडा घेतला.

काशीबाईला पहिली मुलगी १९१९ च्या भाद्रपदात झाली. ती आठ दिवस जगली. बारसं बाराव्या दिवशी करतात.